धुणं आत की बाहेर?

रामसिंग उस्ताद रोज सकाळी सहाला पाच फोन लावतात आणि पाचही जणांना एकच प्रश्न विचारतात, "धुणं आत हाय का भाईर?"

रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. पहिला फोन औंढ्याला, नागनाथाच्या देवळापुढे बेलफुलं विकणाऱ्या जनकाबाईंना. दुसरा कळमनुरीला, नांदेड रोडवर पंक्चर काढणाऱ्या कोंडीबाला. उरलेले तीन फोन तीन तांड्यांवर जातात आणि ते उचलणाऱ्या तिघीजणी उस्तादांच्या नात्यातल्याच. पलीकडून "भाईर" असं आलं की उस्ताद समोरच्या काळ्या फळ्यावर त्या गावापुढे खडूने आडवी रेघ ओढतात. "आत" आलं की उभी. पाच रेघा झाल्या की हात झटकून चहा मागवतात आणि मग शिरड शहापूरच्या रस्त्यावरच्या औंढेकर ट्रान्सपोर्टमधून त्या दिवशीच्या गाड्या सुटतात, किंवा सुटत नाहीत.

हा प्रश्न त्यांनी विचार करून शोधला आहे. पाऊस येईल का, असं विचारलं तर माणूस मनातलं सांगतो. खळ्यावर हळद वाळत घातलेला म्हणतो, कुठला आलाय पाऊस. पेरून बसलेला म्हणतो, हा काय, आलाच. पण तांड्यावरची बाई पहाटे चारला उठते, उजाडेस्तोवर तिचं धुणं पिळून होतं आणि ते अंगणातल्या दोरीवर टाकायचं की पत्र्याखाली, हे ठरवताना ती कुणाचं मन राखत नाही. उस्ताद मोबाइलवरचा अंदाजही बघतात, तो खोटा म्हणत नाहीत. "पर मोबाइल जिल्ह्याचं आभाळ सांगतो," ते म्हणतात, "बाई अंगणाचं सांगती. आपली गाडी अंगणात जाती, जिल्ह्यात न्हाई."

आणि ते खरं आहे. औंढेकरांच्या अकरा गाड्यांचं मुख्य काम हळदीचं. शिजवून वाळवलेली हळद शेतकऱ्याच्या खळ्यावरून भरायची आणि थेट सांगलीच्या बाजारात उतरवायची. डांबरी रस्ता सोडून खळ्यापर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर काळ्या मातीचे असतात. कोरडी असताना ही माती लोखंडासारखी वाजते. तासभर पाऊस झाला की तीच माती दहा चाकांची गाडी आसापर्यंत धरून ठेवते आणि सोडत नाही.

उस्तादांना तिने एकदा तीन दिवस धरून ठेवलं होतं. तेव्हा ते खुर्चीवर नव्हते, गाडीवर होते. कैलासवासी विष्णुपंत औंढेकरांनी पहिली गाडी घेतली त्या दिवसापासून सव्वीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. त्यातल्याच एका जूनमध्ये कळमनुरीच्या पुढे गाडी फसली. तीन दिवस तासातासाला मुनिमाचा फोन येई, "फसलीच कशी?" पुढे रान भिजलंय हे त्या सकाळी तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त गाडी पाठवणाऱ्याला. उस्तादांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण पुढे डाव्या डोळ्याने दगा दिला, लायसन गेलं आणि विष्णुपंतांचे चिरंजीव अनिरुद्ध यांनी जुन्या माणसाची सोय म्हणून त्यांना ऑफिसात बसवलं, तेव्हा ते तीन दिवस त्यांच्याबरोबर खुर्चीवर येऊन बसले.

खुर्चीवरून त्यांना दिसलं ते असं, की डायव्हर टिकत नव्हते. अकरा गाड्यांवर एका वर्षात सोळा माणसं बदलली. कुणी पुण्याला गेलं, कुणी हैदराबादला, एक जण तर गाडी सोडून गावात रसवंती चालवू लागला. अनिरुद्ध म्हणत, पगार वाढवून बघितला, बोनस देऊन बघितला, या पोरांना काय सोन्याचं स्टिअरिंग पाहिजे का? शेवटी गेल्या डिसेंबरात त्यांनी उस्तादांना समोर बसवलं.

"काका, हैदराबादचा एक माणूस पाच गाड्या मागतोय. डायव्हरवाचून उभ्या गाड्यांचं मी लोणचं घालू का?"

"भाऊ, हळदीचा हंगाम निघू द्या."

"आणि हंगामात चौघं निघून गेले तर?"

"एक जरी गेला तरी विका. मी एक शबुद बोलणार न्हाई. पर हंगामभर गाडी कवा सोडायची ते मी ठरवीन. तुमी न्हाई, व्यापारी न्हाई."

अनिरुद्धांनी या माणसाच्या मांडीवर बसून लहानपणी हॉर्न वाजवला होता. ते हो म्हणाले. जूनअखेरपर्यंत अकरा गाड्यांवर हेच अकरा डायव्हर राहिले तर गाड्या राहतील. एक गेला की पाच गाड्या गेल्या.

अकरांपैकी सात जण तांड्यांवरचे होते, उस्तादांच्याच शब्दावर आलेले. त्यांचे आणि उस्तादांचेही पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. पुढे बैल गेले, रान आलं, बहुतेकांनी नांगर धरला. पण गाडीवर बसलेला प्रत्येक पोरगा उस्तादांना त्या जुन्या लांबलचक रांगेतलाच वाटे. हे ते कधी मोठ्याने म्हणत नसत. गाडीचा दोर आवळून बांधलेला दिसला की नुसते त्यावर हात फिरवत.

जानेवारीपासून फळा लागला. ज्या वाटेला उभी रेघ, त्या वाटेला गाडी जायची नाही. "आज त्या रस्त्यानं नको" असं डायव्हर म्हणाला तर कारण एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार गाडी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या सावलीला, मग सांगलीत कुणाचा जीव खालीवर होवो. थांबवलेल्या दिवसाचा भत्ता चालू दिवसासारखाच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे व्यापाऱ्यांना डायव्हरचे नंबर मिळेनासे झाले. शिव्या द्यायच्या असतील तर उस्तादांच्या फोनवर. उस्ताद त्या शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बराबर हाय तुमचं. उद्या सकाळी सातला गाडी येती."

मार्चमध्ये गारपीट झाली. त्या सकाळी फळ्यावर चार उभ्या रेघा होत्या. मोबाइल नुसतं ढगाळ म्हणत होता. तीन गाड्या शेडखाली उभ्या राहिल्या आणि दुपारी गारांनी रानं पांढरी केली. शेजारच्या ट्रान्सपोर्टच्या दोन गाड्या त्याच वाटेवर रुतल्या, त्या चौथ्या दिवशी ट्रॅक्टर लावून निघाल्या. तेव्हापासून डायव्हर सकाळी आल्या आल्या फळ्याकडे बघू लागले. देवळात शिरताना लोक घंटेकडे बघतात तसे.

आणि मग मे महिन्यात उस्ताद चुकले.

त्या दिवशी चार गाड्या औंढ्याच्या आणि दोन तांड्यांच्या बाजूला भरायला जायच्या होत्या. आदल्या आठवड्यात दोनदा अवकाळी येऊन गेला होता, मोबाइलही पावसाची शक्यता दाखवत होता. उस्तादांनी फोन लावले. जनकाबाई म्हणाल्या, "दोरी रिकामी हाय." तांड्यावरच्या बहिणीने तेच सांगितलं. दुसऱ्या तांड्यावरची भाची घाईत होती, "कुठलं धुणं, मामा, भाईर काय बी न्हाई," म्हणून तिने फोन ठेवला. तीन उभ्या रेघा. उस्तादांनी चारही गाड्या थांबवल्या.

सूर्य वर आला. आभाळ घासलेल्या पितळेसारखं लखलखत राहिलं. दहा वाजले, बारा वाजले, ढगाची चिंधीसुद्धा नाही. चार डायव्हर शेडखाली पत्ते कुटत बसले. दुपारी वसमतच्या व्यापाऱ्याचा फोन आला आणि त्याने जे सुनावलं ते टेबलापलीकडे उभ्या पोरांनाही ऐकू गेलं. सांगलीचा उद्याचा सौदा हुकला होता. तिनेक वाजता अनिरुद्ध आले, दारात उभं राहून त्यांनी आधी आभाळाकडे आणि मग फळ्याकडे बघितलं. आणि आल्या पावली परत फिरले. 

उस्तादांनी पुन्हा बहिणीला फोन लावला. "अगं, धुणं आत घेतलं म्हनलीस आन् इथं ऊन कडाडून राहिलंय!"

"मी कवा म्हनलं आत घेतलं?" बहीण उसळली. "टँकर आला न्हाई दोन दिस. प्यायाला पानी न्हाई, धुनं काय थुकीनं धुऊ?"

औंढ्यातही नळाला पाणी आलं नव्हतं. भाचीच्या तांड्यावर तर चार दिवसांपासून कुणी लुगडं ओलं केलं नव्हतं. दोरी रिकामी होती ती पावसाच्या भीतीने नव्हे, पाण्याच्या अभावाने. याच मातीत जन्म काढलेल्या माणसाला मे महिन्यातली रिकामी दोरी वाचता आली नव्हती.

उस्ताद उठले. फळ्यावरच्या तीन उभ्या रेघा तशाच ठेवून त्यांनी खाली लिहिलं, "आज माझी चूक. रामसिंग." अक्षर मोठं काढलं. मग शेडकडे वळून म्हणाले, "उद्या चारी गाड्या निघतील. शेवटल्या गाडीत मी हाय."

पोरांना वाटलं, उस्ताद चिडून बोलतायत. पण संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला, पारुबाईंना पिशवी भरायला सांगितली तेव्हा त्या कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

"कुटं निघालीय स्वारी? एक डोळा गेला, दुसरा बी सांगलीला इकायचा हाय का?"

"आज्ज्याचं आठवतंय ना तुला?"

पारुबाईंना आठवत होतं. या घरात ती गोष्ट प्रत्येक सुनेला ऐकावी लागे. उस्तादांचे आजोबा सांगत, की बैलांचा काफिला थांबवायचा की हाकायचा हे नायक ठरवी. त्याने पावसाच्या भीतीने थांबवलं आणि पाऊस आला नाही, तर दुसऱ्या दिवशी नायक पुढे चालत नसे. तो सगळ्यात शेवटच्या बैलामागे चाले, सगळ्यांची धूळ खात. कुणी त्याला तसं करायला सांगत नसे आणि कुणी त्याला पुढे बोलवतही नसे.

"सत्तावन्नाव्या वर्सी धूळ खायाची हौस," पारुबाई पुटपुटल्या, पण पिशवीत त्यांनी दोन पंचे ठेवले.

शेवटची गाडी दिपक पवारची होती. दिपक अठ्ठावीसचा, हात असा साफ की भरलेली गाडी मागे घेताना आरशात बघतो की नाही ते कळू नये. पुण्याच्या एका कंपनीत त्याचं नक्की झालं आहे, एसी केबिन आहे, एक तारखेला हजर व्हायचं आहे, हे यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं. उस्तादांनाही होतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि दिपकने सांगितलं नव्हतं. हंगाम सरायला अजून महिना होता. दिपक गेला की पाच गाड्या जाणार होत्या.

सकाळी सातला गाडी निघाली. खळ्यावर पोती भरून, ताडपत्री बांधून, साडेदहाला ती हमरस्त्याला लागली. केबिन तापू लागली. इंजिनाची धग खालून, पत्र्याची वरून. उस्तादांनी पंचा भिजवून डोक्यावर घेतला, तो अर्ध्या तासात कडक झाला. आपण गाडी चालवत होतो तेव्हाही एवढंच तापायचं का, की खुर्चीवर बसून आपण मऊ झालो, हे त्यांना ठरवता येईना.

बाराच्या सुमारास ते म्हणाले, "परभणीच्या पुढं ते मोठं निंबाचं झाड हाय बघ, तिथं घे. थांबायची वेळ झाली."

दिपक हसला. "कोनतं झाड, उस्ताद?"

"अरे तेच. चार गाड्या बसतील एवढी सावली."

"रोड रुंद केला तवाच तोडलं की ते. दोन सालं झाली."

उस्तादांनी डोक्यावरचा पंचा काढला. "मग? फळ्यावर तर मी तेच लिवलंय. तुमी थांबता कुठं?"

"तिथंच थांबतो. तुमी लिवलंय ना." दिपकने गिअर बदलला. "गाडीच्या खाली आडवं पडतो. गाडीचीच सावली."

त्या जागेवर गाडी आली. बुंधासुद्धा उरला नव्हता, डांबराच्या कडेला मुरमाचा पांढरा पट्टा तेवढा. एप्रिलपासून अकरा माणसं त्यांच्या शब्दाखातर या पट्ट्यावर भर उन्हात थांबत होती, आणि शिरड शहापूरला बसलेल्या त्यांना वाटत होतं आपण पोरांना सावली दिली.

"आन् तू बोल्ला काहून न्हाईस रे?"

"कुणी इचारलं का?" दिपक म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पावसाचं तुमी पाच बायांना इचारता—"

"चार. कोंडीबा बाप्या हाय."

"चार बायांना आन् एका बाप्याला इचारता. आमी रोज रोडवर हाव. आमाला कोन इचारतं?"

उस्तादांनी मांडीवरची पिशवी बाजूला सारली. मग त्यांनी खिशातून मालाच्या पावतीचा, बिल्टीचा जुना कागद काढला, उलटा केला, पेन काढलं. "सांग," ते म्हणाले. "सांगलीपर्यंत खरी सावली कुठं कुठं हाय?"

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतो? गाडी चालव आन् बोल."

दिपक बोलू लागला. सुरुवातीला तुटक, मग सुटला. सात किलोमीटरवर एक बंद पडलेली कापसाची जिनिंग, तिची भिंत दुपारभर सावली देते, मालक काही म्हणत नाही. गंगाखेडच्या अलीकडे चिंचा आहेत, पण एका वेळी दोनच गाड्या मावतात. पुढच्या पेट्रोल पंपावर पाणी गार, पण तिथला माणूस भांडकुदळ, त्याला आधी नमस्कार घातला की नीट वागतो. एका घाटाच्या पायथ्याला दुपारी दोननंतरच सावली येते. उस्ताद लिहीत होते, गाडी हादरली की अक्षर वाकडं होई, ते पुन्हा विचारत, "डाव्या हाताला का उजव्या?" जिनिंगच्या भिंतीशी गाडी लावून दोघं चारपर्यंत आडवे झाले. खरोखरच गार होतं तिथे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीला माल उतरला, एकही पोतं ओलं किंवा फाटलेलं नाही. परतीच्या वाटेवर उस्तादांनी उलट्या दिशेची सावली लिहून घेतली, कारण सकाळची सावली संध्याकाळी कामाची नसते, हेही दिपकनेच सांगितलं. पुण्याच्या कंपनीचा विषय दोघांनीही काढला नाही.

शिरड शहापूरला उतरल्यावर उस्तादांनी तसंच यार्डातून जाऊन फळा दोन भागांत आखला. डावीकडे पहिल्यासारखी गावं. उजवीकडे सावलीची ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणापुढे ते सांगणाऱ्याचं नाव. त्या दिवशी सगळीकडे दिपकचंच नाव होतं. आठवडाभरात ते पुसून दुसरी नावं येऊ लागली, कारण बाकीचे दहा जण गप्प बसणारे नव्हते. "दिपक्याच्या चिंचा कसल्या, त्यावर लाल मुंग्या हायत," असं म्हणत संताजी आडे नावाच्या डायव्हरने स्वतःची आमराई लिहायला लावली. त्यावरून दोघांची जुंपली. उस्ताद खडू घेऊन मध्ये उभे होते आणि त्यांना हसू दाबता येत नव्हतं. आणि सकाळच्या पाच फोनांत आता एक प्रश्न वाढला होता, "टँकर आला का?"

जूनची एक तारीख आली. त्या सकाळी उस्ताद नेहमीपेक्षा लवकर आले आणि त्यांनी फोन उगाच हळूहळू लावले. सव्वासातला दिपकची मोटारसायकल फाटकातून आत आली. त्याने फळ्यापुढे उभं राहून वरून खाली सगळं वाचलं.

"उस्ताद, हे उन्हाळ्याचं झालं," तो म्हणाला. "पावसाळ्याची ठिकाणं येगळी लिवावी लागतील. गंगाखेडच्या त्या चिंचंखाली पाऊस पडला की तळं होतं. जुलैत एकदा मी बराबर बघून येतो."

"बघून ये," उस्ताद म्हणाले, आणि पाठ फिरवून टेबलावरचे कागद नीट केले, जे आधीच नीट होते.

जूनच्या तीस तारखेला अनिरुद्ध यार्डात आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. अकरा गाड्या शेडखाली रांगेत होत्या, शेवटची सोडून सगळ्या धुतलेल्या, आणि त्यांच्या पुढ्यात हेच अकराजण. अनिरुद्धांनी एकेकाच्या हातावर पेढा ठेवला. उस्तादांपाशी आले तेव्हा त्यांनी पुडाच त्यांच्या हातात दिला.

"हैदराबादच्या माणसाला मी सकाळीच नाही म्हणून कळवलं, काका. एकही गाडी जाणार नाही." मग हसून ते म्हणाले, "वसमतचा तो शिव्या देणारा व्यापारी काल मला म्हणाला, तुमचे डायव्हर टिकतात कसे ते तरी सांगा. मी म्हणालो, आमच्या उस्तादांना येऊन भेटा. आता पुढच्या हंगामाचं तुम्ही आणि मी बसून ठरवू. आजच बसू या का?"

उस्तादांची मान ताठ झाली होती. आयुष्यभर दुसऱ्याचा माल जपून पोचवलेल्या माणसाची ती मान होती. त्यांनी रांगेतल्या गाड्यांवरून चांगला डोळा एकदा फिरवला. शेवटच्या गाडीशी, तीन दिवसांची खेप करून नुकताच उतरलेला दिपक नळावर तोंड धूत होता.

"बसू की, भाऊ," ते म्हणाले. "जरा दम धरा. पोरगं सकाळपास्नं उपाशी हाय, त्याला भाकर वाढून येतो."